मैत्रिणीचं प्रचारपत्रक

माझी एक मैत्रीण नगरसेवकपदासाठी उभी राहतेय आणि पत्रकाचा मसुदा आला माझ्याकडे, का तर म्हणे तू लिहितोस ना कायतरी. वाचलं. पुढे हात जोडलेला फोटो, खाली 'लहानपणापासून समाजसेवेची आवड', आणि मागे एकवीस आश्वासनं. एकवीस! त्यात मेट्रो पण आहे आणि रोजगार पण आहे, आता वॉर्डातला एक मेंबर मेट्रो कुठून आणणार मला सांगा.

आणि जे लिहायला पाहिजे होतं तेच गायब. या बाईने पंधरा वर्षं पाणीपुरवठ्याचे हिशोब बघितलेत, आता नोकरी सोडून उभी राहिलीये. टाकीतून किती पाणी सुटलं, बिल कितीचं झालं आणि मधलं कुठे जिरलं हे तिला तोंडपाठ, दोन मिनिटं भेटलात तरी गाडी गळक्या व्हॉल्व्हवर जाते म्हणजे जातेच. पत्रकात त्याचं काय? 'पाणीप्रश्न सोडवणार'. बास. हे तर समोरच्या उमेदवाराच्या पत्रकात पण असणार.

मी तिला ब्राझीलमधल्या कुरितिबाचं सांगितलं. तिथला महापौर झैमे लर्नर मुळात आर्किटेक्ट, महापौर व्हायच्या आधीपासून शहराच्या प्लॅनिंगमध्येच होता, त्यामुळे खुर्चीवर बसल्यावर काय करायचं हे शोधत बसावं लागलं नाही. १९७२ मध्ये दुकानदारांचा विरोध असताना वीकेंड गाठून मुख्य रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी करून टाकला, १९७४ मध्ये बससाठी वेगळ्या लेन सुरू. (अर्थात त्याला तेव्हा लष्करी राजवटीने नेमलं होतं, मतं मागायची नव्हती, म्हणजे पत्रकाची कटकटच नाही. हे मी तिला जरा उशिराच सांगितलं.)

मग म्हटलं निवडून आलेला घे. कोलंबियातल्या बोगोटाचा महापौर आंतानास मोकुस, गणित आणि फिलॉसॉफीवाला प्रोफेसर, युनिव्हर्सिटीचा रेक्टर, म्हणजे आपल्याकडचा कुलगुरू, राहिलेला. मास्तर माणूस, त्यामुळे त्याने शहराकडे वर्गासारखंच बघितलं, म्हणजे ट्रॅफिक मोडणाऱ्यांची नक्कल करायला चौकात मूकअभिनेते उभे केले, पाणीटंचाईत स्वतः टीव्हीवर अंघोळ करताना साबण लावेपर्यंत नळ बंद करून दाखवला. आणि पुढे लोकांना म्हणाला ज्यांना जमेल त्यांनी १० टक्के टॅक्स जास्त भरा, तर ६३ हजार लोकांनी भरला! कुठल्या पत्रकात हे आश्वासन म्हणून टाकता येईल का?

तर ती म्हणाली, हे सगळं ठीक आहे पण गळती जमिनीखाली असते, रस्ता डोळ्यांना दिसतो, मतं रस्त्याला पडतात. यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही खरं तर. पाइप बदलला की काम मातीत जातं, वर बोर्ड लावायलाही जागा नाही, आणि वर्षभर खोदलेल्या रस्त्याच्या शिव्या मात्र तिलाच.

तरी तासभर वाद घालून एकवीसचे चार केले. गळतीचं पहिल्या नंबरला, आणि सोबत दर तीन महिन्यांनी वॉर्डात किती पाणी आलं आणि किती हरवलं याचा हिशोब लोकांसमोर मांडणार असं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, कारण हे ती झोपेत पण करू शकते. मेट्रो गेली. समाजसेवेची आवड पण गेली, तिथे पंधरा वर्षांची नोकरी आली.

हात जोडलेला फोटो मात्र तोच राहणार आहे, त्यावर चर्चा नको म्हणाली.