सिसिलीची गादी: आत्या विरुद्ध भाचा

सिसिलीच्या नॉर्मन गादीचा वाद ‘औरस कॉन्स्टन्स विरुद्ध अनौरस टँक्रेड’ एवढ्यावर उरकला जातो. रक्ताचा हिशेब तोच आहे, पण निकाल लावला तो जहाजांनी आणि रोकड्याने.

१८ नोव्हेंबर ११८९ रोजी सिसिलीचा राजा दुसरा विल्यम राजधानी पालेर्मोत वारला. मूलबाळ नव्हतं. कॉन्स्टन्स त्याची आत्या. तिचा बाप, आधीचा राजा दुसरा रॉजर, याच्या मृत्यूनंतर जन्मलेली, म्हणून भाच्याहून जवळपास वर्षाने लहानच! ११८६ मध्ये तिचं लग्न जर्मन राजपुत्र सहाव्या हेन्रीशी झालं. विल्यमला वारस झाला नाही तर गादी तिची, अशी शपथ सरदारांनी त्याआधीच वाहिली होती. तेव्हा राजा तिशीचा, राणी विशीची. शपथ पाळायची वेळ येईल असं कोणाला वाटलं असेल?

ती वेळ आली आणि डोळ्यांसमोर जर्मन राजा दिसू लागला. दरबारातला मंत्री मॅथ्यू द आयेल्लो याच्या गटाने दक्षिण इटलीतल्या लेच्चेचा काउंट टँक्रेड पुढे केला. हा रॉजरच्या थोरल्या मुलाचा अनौरस मुलगा, म्हणजे कॉन्स्टन्सचा भाचाच. जानेवारी ११९० मध्ये त्याचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी धर्मयुद्धाला निघालेल्या इंग्लंडच्या रिचर्डने मेस्सिना लुटलं. बहिणीचा, म्हणजे विधवा राणी जोनचा, वाटा म्हणून २०,००० औंस सोनं आणि टँक्रेडच्या मुलीच्या सोयरिकीपोटी आणखी २०,००० औंस त्याने पदरात पाडून घेतलं. नव्या राजाची तिजोरी इथेच हलकी झाली.

तरीही ११९१ मध्ये बायकोच्या हक्कासाठी चालून आलेला हेन्री हरला, आणि का हरला ते नेपल्सला दिसतं. मे महिन्यात त्याने जमिनीकडून वेढा घातला, पण समुद्र बंद करणं इटलीतल्या पिसा शहराच्या जहाजांवर सोपवलं होतं. सिसिलीचा आरमारप्रमुख मार्गारितसने ती कास्तेल्लामारेजवळ कोंडून ठेवली. बंदर उघडं राहिलं, शहराला रसद मिळत राहिली. उन्हाळ्यात छावणीत रोगराई पसरली, खुद्द हेन्री आजारी पडला आणि ऑगस्टमध्ये वेढा उठला. हेन्रीच्याच बाजूच्या जेनोवा शहराचं आरमार पोहोचलं तेव्हा दोस्त सैन्य निघून गेलेलं!

नेपल्सच्या दक्षिणेला सालेर्नो शहरात थांबलेली कॉन्स्टन्स तिथल्या लोकांनीच टँक्रेडच्या हवाली केली. एवढं मोलाचं ओलीस त्याने ११९२ मध्ये पोपच्या दबावाखाली सोडलं, आणि रोमच्या वाटेवर हेन्रीच्या शिपायांनी तिला सोडवून नेलं. बदल्यात पोपची मान्यता मिळाली, तीही सिसिलीच्या चर्चवरचे राजाचे जुने अधिकार सोडून. माझ्या मते सौदा महागात पडला.

डिसेंबर ११९३ मध्ये टँक्रेडचा मोठा मुलगा रॉजर गेला, फेब्रुवारी ११९४ मध्ये खुद्द टँक्रेड. मागे उरला त्याचा लहानगा मुलगा, तिसरा विल्यम. इकडे हेन्रीच्या कैदेत सापडलेल्या रिचर्डची सुटका १,५०,००० मार्क चांदीला ठरली होती. त्यातले १,००,००० हाती आले आणि मोहिमेचा खर्च निघाला. या खेपेला जेनोवा आणि पिसाची आरमारं वेळेवर हजर होती. सालेर्नो लुटलं गेलं. २५ डिसेंबरला पालेर्मोत हेन्रीला मुकुट चढला. दुसऱ्या दिवशी मध्य इटलीतल्या येसीत चाळिशीच्या कॉन्स्टन्सला मुलगा झाला, तोच पुढचा सम्राट दुसरा फ्रेडरिक.

जेनोवाला कबूल केलेलं सिसिलीतलं सिराक्युज शहर मात्र हेन्रीने दिलंच नाही.