कडी एक, स्क्रू दोन

आमचं दुकान रत्नागिरीत रामआळीत आहे. दुकान म्हणायचं इतकंच, सहा फूट बाय आठ फूट, त्यात मी, माझं टेबल, एक स्टूल आणि भिंतीवर गिऱ्हाइकांची दहा-बारा घड्याळं, प्रत्येकात वेगळे वाजलेले. बाबांनी सुरू केलं तेव्हा एचएमटीचा जमाना होता, जनता, पायलट, कोहिनूर, आणि बोटीवरनं सुट्टीला आलेले लोक हातात सिको फाइव्ह घालून यायचे. आता दिवसभर सेल बदला, पट्टा घाला, काच घाला. आणि ती फर्स्ट कॉपी. बाजारात हजार-बाराशेला मिळते, डायलवर रोलेक्स लिहिलेलं, मागचं कव्हर काचेचं, आतली मशीन दिसणारी, आणि मालक मला विचारणार, ओरिजिनल आहे ना? अरे बाबा, रोलेक्सवाले मागे काच लावतात ती एखाद-दुसऱ्या मॉडेललाच, बाकी सगळ्याला साधं बंद कव्हर. पण असं तोंडावर सांगितलं की माणूस नाराज होतो, मग मी म्हणतो, चाललंय ना, घाला.

तर गेल्या वर्षी, म्हणजे 2025 ला, गणपती 27 ऑगस्टला होते, त्याच्या दोन दिवस आधीचा सोमवार. आळीत पाय ठेवायला जागा नाही, गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीचं सामान, तिला टांगायची कवंडळं, तेरडा, चाकरमान्यांच्या गाड्या, वरून पाऊस. ह्या दिवसांत माझ्याकडे भिंतीवरची घड्याळं जास्त येतात कारण पाहुणे येणार तर घरातलं घड्याळ तरी चालू पाहिजे. आणि त्या गर्दीत भाऊ आले. भाऊ म्हणजे पावसकडचे आंबा बागायतदार, बाबांचे जुने दोस्त, सोबत काकी, काकींच्या हातात दोन पिशव्या. भाऊ उन्हाळ्यात शंभर किलोच्या आसपास होते, जूनमध्ये बायपास झाली, आता शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. खिशातनं प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यात आणखी एक पिशवी, तिच्यात हातरुमाल, आणि रुमालात घड्याळ.

बाळ्या, ह्याची चेन सैल होते, एक कडी काढून दे.

मी बघितलं आणि आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावायच्या आधीच मला कळलं की हे बाराशेवालं नाही. रोलेक्स सबमरिनर, स्टील आणि सोनं मिक्स, निळी डायल, निळी सिरॅमिकची रिंग. तारखेवरचं भिंग नीट मोठं दाखवत होतं, नकली मालात तिथेच बहुतेक वेळा मार खातात. मग आयग्लास लावून काचेत सहाच्या आकड्याजवळ बघितलं तर तो लेझरने कोरलेला बारीक मुकुट, नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. मी आयुष्यात फोटोत बघितलेला, प्रत्यक्ष पहिल्यांदा.

भाऊ सांगायला लागले. सीझन संपल्यावर मे महिन्यात मुंबईत जाऊन घेतलं. आधी नुसतं स्टीलचं हवं होतं तर दुकानवाला म्हणाला नाव लिहून ठेवतो, कधी येईल सांगता येत नाही, हे सोन्यावालं मात्र जरा लवकर मिळेल. म्हणजे स्वस्त पाहिजे तर थांबा आणि महाग पाहिजे तर या, असला धंदा मला कधी जमणार. आकडा मी इथे लिहीत नाही, पण दहा लाखांच्या वर गेला म्हणून बिलात 1 टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदार बिलातच घेतो तो आयकर, लागला, तो नियम नेमका 22 एप्रिलपासून आला होता आणि भाऊ मेमध्ये गेले. त्यांना बाकी रकमेचं काही नव्हतं, त्या एका टक्क्याचं फार लागलेलं. मी म्हटलं भाऊ, ते पॅनवर जमा होतं, रिटर्नमध्ये धरता येतं. तर काकी म्हणाल्या, बायपासच्या बिलाला एवढे प्रश्न नाही विचारलेनी.

मग दुसरी तक्रार. हे बंद पडतं. दर आठवड्याला बंद पडतं. एवढे पैसे घेतले आणि सेल पण धड टाकला नाही मेल्यांनी?

आता मी काय सांगू. भाऊ, ह्यात सेल नसतो. हाताच्या हालचालीने आत रोटर फिरतो, तो स्प्रिंगला चावी देतो, आणि काढून ठेवलं की ह्या मशीनमध्ये सत्तर तास पुरेल एवढी चावी असते, म्हणजे तीन दिवसांना जरा कमी. तुम्ही घालता कधी? तर लग्नाला, बँकेत, आणि मुंबईकर येणार असले की. बाकी कपाटात. म्हणजे बंद पडणारच. भाऊंनी माझ्या भिंतीवरच्या अजंताकडे बोट दाखवलं, हे कसं चालतं मग वर्षभर? मी म्हटलं त्यात क्वार्ट्झ आहे, सेकंदाला 32,768 वेळा थरथरतं, तुमचं सेकंदाला आठच टोले मारतं, तरी दिवसाला दोन सेकंदांच्या आत-बाहेर राहतं, ही कमाल आहे हाताने जुळवलेल्या चाकांची. भाऊंना कमाल कळली नाही. म्हणाले म्हणजे दीडशेवालं जास्त बरोबर. आता बरोबरच आहे ते, मी काय वाद घालणार.

पण बोलता बोलता माझं लक्ष चावीकडे गेलं, बाजूचं ते बटण, क्राऊन म्हणतात ते. ते बाहेर आलेलं होतं, फिरवून बसवलेलंच नव्हतं. ह्या घड्याळाची चावी स्क्रूसारखी पिळून आत बसवायची असते, तेव्हा ते 300 मीटर खोल पाण्यातही आत थेंब घेत नाही. भाऊ दर आठवड्याला बंद पडलं की टाइम लावायचे आणि चावी तशीच दाबून सोडून द्यायचे. आणि ह्या हवेत, जिथे ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते! तीनशे मीटरवालं घड्याळ पावसाला घाबरून दोन पिशव्यांत गुंडाळलेलं, आणि दार उघडं. काचेच्या आत वाफ धरलेली नव्हती हे नशीब. मी चावी पिळून बसवली, भाऊंकडून तीन वेळा करून घेतलं. खरं सांगायचं तर त्या दिवशीचं माझं सगळ्यात महत्त्वाचं काम ते एवढंच, त्याचे मी पैसेसुद्धा नाही लावले.

मग चेन. आधी क्लास्पमधली, म्हणजे चेनच्या खटक्यातली, ती सरकपट्टी बघितली, ग्लाइडलॉक म्हणतात तिला, दोन-दोन मिलिमीटरने पुढे-मागे होते आणि काही हत्यार लागत नाही. ती आधीच पूर्ण आत होती. तरी घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत जाऊन येत होतं. म्हणजे कडी काढायलाच हवी. मी भाऊंना म्हटलं मुंबईला दुकानात द्या, ते फुकट करतील. तर म्हणाले, आता सगळी मुंबई इकडे येतेय आणि मी तिकडे जाऊ? त्या हायवेने? डॉक्टरनी सांगितलंय धक्के नकोत.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साध्या चेनमध्ये पिन असते, ठोकली की निघते. ह्यात कडीला स्क्रू असतो, त्याला चिकट औषध लावलेलं असतं हलू नये म्हणून, थेट पाना लावला तर डोकं चुरगळतं किंवा पाना घसरून सोन्यावर रेघ. आधी गरम करावं लागतं. बायकोचा हेअर ड्रायर मी दुकानात आणून ठेवलाय त्यासाठीच, तिला वाटतं तो बिघडला. कडेला टेप लावली, ड्रायर मारला, पाना लावला आणि माझा हात थरथरायला लागला. पस्तीस वर्षं हे काम करतोय, लेडीज घड्याळाची केसाएवढी हेअरस्प्रिंग सरळ केलीय, तिथे हात हलला नाही. आणि इथे एक स्क्रू काढायचा, जे कुठलाही शिकाऊ पोरगा करेल. दुकान विकलं तरी ह्या घड्याळाचे पैसे होणार नाहीत हे डोक्यात बसलं की झालं. मी पाना खाली ठेवला, चहा मागवला, प्यायलो, मग पहिला स्क्रू काढला. निघाला. दुसरा पण सुटला, चिमट्यात धरून डबीकडे नेत होतो आणि लाईट गेली.

हात दचकला, स्क्रू उडाला.

आमच्या धंद्यात वस्तू उडाली की डोळे नाही, कान लावायचे. लादीवर पडली तर टिक, टेबलाच्या पायाला लागली तर टक, आवाजावरून दिशा कळते. मी श्वास धरून बसलो. काहीच आवाज नाही. बाहेर रिक्षावाले, कवंडळंवाली ओरडतेय, मला वाटलं त्यात बुडाला.

कोणी हलू नका! मी एवढ्या जोरात ओरडलो की भाऊ स्टुलावर पाय घेऊन बसले. साप निघाला काय रे?

साप नाही, कचरा गेला डोळ्यात, असं मी म्हणालो. पहिली थाप. इन्व्हर्टर महिनाभर बोंबलत होता, मोबाइलची बॅटरी लावून ती लादीवर आडवी ठेवली, आडव्या उजेडात बारीक वस्तूची पण लांब सावली पडते. नाही. मग बाबांचं जुनं स्पीकरचं लोहचुंबक, दोरीला बांधलेलं, ते काढलं. त्याआधी घड्याळ भाऊंच्या मुठीत दिलं आणि त्यांना दारात उभं केलं, कंपनी म्हणते ह्याची निळी हेअरस्प्रिंग चुंबकाला दाद देत नाही, पण तो प्रयोग माझ्या दुकानात कशाला. चुंबक सगळ्या फटींतून फिरवलं तर काय काय निघालं, एचएमटीचे स्क्रू, स्टेपलच्या पिना, अर्धी सुई, एका लेडीज घड्याळाची चावी जिच्यासाठी मी बहुतेक कधीतरी गिऱ्हाइकाशी भांडलो असेन. हा नाही. मग डोक्यात आलं म्हणून डबीतल्या पहिल्या स्क्रूला चुंबक लावून बघितलं. हललासुद्धा नाही. रोलेक्सचं पोलाद 904एल जातीचं असतं, चुंबकाला चिकटतच नाही. म्हणजे वीस मिनिटं मी लादीला ओवाळत होतो.

इतका वेळ काकी कोपऱ्यात मांडीवर पिशवी उघडून अंधारातच कापसाची वस्त्रं करत बसलेल्या. त्या शांत होत्या, दुकानात तेवढ्याच.

लाईट आली. आता हिशोब बघा, एक कडी काढायला स्क्रू दोन काढावे लागतात आणि परत जोडायला एकच लागतो. दुसरा त्या काढलेल्या कडीबरोबर मालकाला द्यायचा असतो. म्हणजे घड्याळ पूर्ण होणार होतं, काही अडत नव्हतं. ज्या पुडीत कडी देईन ती भाऊ वर्षभर उघडणार नाहीत हे पण मला माहीत. पण उद्या भाऊंचं वजन वाढलं तर? विकायला काढलं तर घेणारा कड्या मोजतो, स्क्रू बघतो. आणि तो स्क्रू बाजारात मिळत नाही, माझ्यासारख्या बाहेरच्या कारागिराला ही कंपनी पार्ट देत नाही.

मी चेन जोडली, स्क्रू बसवला, घड्याळ भाऊंच्या हातात घातलं, करंगळी जाईल एवढी जागा राहिली, झकास. कडी पुडीत बांधून दिली आणि म्हटलं, ह्याचा स्क्रू आहे तो जरा साफ करून ठेवतो, उद्या देतो. दुसरी थाप. भाऊ म्हणाले दे सावकाश. दोनशे सांगितले, त्यांनी पाचशे ठेवले, ते घेताना मला कसंतरी झालं.

रात्री दुकान बंद करून आतून लादी झाडली, धूळ चहाच्या गाळणीतून गाळली. चपलेचे तळवे बघितले, शर्टाची बाही, पँटीची घडी. मंगळवारी हरतालिका, भाऊ आले नाहीत, त्यांचा फोन पण नाही, आणि तेच जास्त वाईट. बायकोला सांगितलं तर म्हणाली, सांगून टाका ना सरळ. मी म्हटलं गणपती झाल्यावर सांगतो, सणात कशाला.

बुधवारी आमच्याकडे भटजी येऊन गेले, मी पाटावरून उठतोय तोच भाऊंचा फोन.

काय रे, स्क्रू साफ झाला काय?

होतोय भाऊ, होतोय, उद्या नक्की.

बरं. नाही, आमच्याकडे आत्ता भटजींनी देवाला वस्त्र चढवलं तर खाली ताम्हनात टिंग करून काहीतरी पडलं. तुझ्याकडे साफ होतोय तो दुसरा असेल मग.

मागे काकी हसताना ऐकू येत होत्या. मी सगळं सांगून टाकलं, लाईट गेली ते, चुंबक, गाळणी, सगळं. भाऊ नुसते हं हं करत होते. मग म्हणाले, संध्याकाळी आरतीला ये आणि मोदक खाऊन जा, पाचशेतले तीनशे परत आण.

गेलो. स्क्रू आणि कडी, दोन्ही एका वाटीत, गणपतीपुढे विड्याच्या पानावर ठेवलेलं. भाऊ सगळ्या मुंबईकरांना गोष्ट रंगवून सांगत होते, त्यात साप पण आला होता. मी हळूच त्यांच्या मनगटाकडे बघितलं तर घड्याळ नाही. विचारलं, तर म्हणाले, आरतीला झांजा वाजवायच्या असतात रे, ओरखडा पडला म्हणजे? कपाटात ठेवलंय.

मी म्हटलं, चावी पिळून ठेवलीत ना? भाऊ झांजा काकींच्या हातात देऊन आतल्या खोलीत गेले.