सीडी, गोटी आणि सेकंदाला शंभर ठोके

स्मरणिकेत आठवणी लिहायची रीत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची भोवरचकती मात्र आठवणीपेक्षा कृती म्हणून सांगण्यासारखी आहे, कारण ती आजही घरी तासाभरात होते.

आपली वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणून जुन्या जड चोकची (तारेच्या गुंडाळीची) ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. हेच तिचे ठोके. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही, चकतीवर दिसतं.

जुनी सीडी घ्या. ड्रॉइंगच्या कागदावर १२ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून त्यात तीन कडी आखा: केंद्रापासून २ ते ३, ३.२ ते ४.२ आणि ४.४ ते ५.६ सेंटिमीटर. आतल्या कड्यात १२ काळे पट्टे (प्रत्येकी १५ अंश), मधल्यात १५ (१२ अंश), बाहेरच्यात २० (९ अंश). काळ्याइतकाच पांढरा भाग मध्ये सोडायचा. कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. रंग पोस्टरचा काळा, चकाकणारा नको. चकाकीत पट्टे हरवतात. कागद काठीच्या गोंदाने चिकटवा. फेव्हिकॉलच्या पाण्याने तो सुरकुततो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे तो तसाही फुगतोच.

सीडीचं भोक १५ मिलिमीटरचं, साधी गोटी साधारण १६ची. ती खालून बसवली की जवळपास सेंटिमीटरभर खाली उरते. वर बाटलीचं झाकण मुठीसाठी. दोन्हीला एम-सील लावा. फेविक्विक लगेच धरतो, मग झाकण मध्यावर सरकवायला सवडच मिळत नाही. झाकण दोन मिलिमीटर जरी सरकलं तरी भोवरा डुगडुगतो आणि पट्टे पुसट होतात. न जमणाऱ्या दहा चकत्यांपैकी नऊंचं दुखणं हेच असतं.

खिडक्या लावून, फक्त ट्यूबच्या उजेडात, काचेवर भोवरा फिरवा. वेग उतरत जातो तसे आतल्या कड्यातले पट्टे आधी सावकाश पुढे सरकतात, मिनिटाला ५०० फेऱ्यांवर थबकतात आणि मग उलटे चालू लागतात. मधलं कडं ४०० वर थांबतं, बाहेरचं ३०० वर. हिशेब सोपा: ६००० भागिले पट्ट्यांची संख्या. हात जोरात बसला तर बाहेरचं कडं ६०० वरही क्षणभर थांबतं, कारण तेव्हा दर ठोक्याला बरोबर दोन पट्टे पुढे जातात. कडांना पिवळट-निळसर झाक दिसते. ट्यूबमधल्या लेपातले वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेळी विझतात त्याची ती खूण.

उन्हात किंवा बॅटरीच्या साध्या टॉर्चखाली नुसता करडा रंग दिसेल. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबखालीही तेच, तिथे ठोके सेकंदाला हजारोंनी पडतात. पिवळ्या बल्बची तार ठोक्या-ठोक्यात पुरती थंड होत नाही, म्हणून पट्टे फिके; झिरोच्या बल्बची तार बारीक, तिथे जरा बरे. खरी गंमत एलईडीत आहे. आत पुरेसा कपॅसिटर (वीज साठवून उजेड सलग ठेवणारा भाग) नसलेल्या स्वस्त बल्बखाली पट्टे ट्यूबपेक्षाही रेखीव उभे राहतात, चांगल्याखाली करडे. दुकानात नवा बल्ब पारखायला याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही.

चवथीच्या मखराला लावतात त्यातली काही तोरणं विजेच्या आवर्तनाची एकच बाजू वापरतात. त्यांचे ठोके ५०. ती ओळखायची तर आतल्या कड्याकडे २५० फेऱ्यांवर बघा. ट्यूबखाली त्या वेगाला काळं पांढऱ्यावर पडून कडं करडं होतं. या तोरणाखाली ते पुन्हा लख्ख थांबतं.

आयटीआयला जाणाऱ्यांसाठी एक जोड. लेथचा (धातू कातायच्या यंत्राचा) चार जबड्यांचा चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा भाग, मिनिटाला १५०० फेऱ्या घेत असेल तर चोकच्या ट्यूबखाली तो थांबल्यासारखा दिसू शकतो. म्हणून वर्कशॉपमध्ये शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडतात, म्हणजे एक मंदावली की दुसरी उजळलेली असते. लेथवर एकच ट्यूब टांगलेली दिसली तर आधी स्विच बघा, मग चकाकडे हात न्या.