व्हीबी सिक्सचं बिलिंग पायथनवर आणलं, माझा अनुभव

दादरला एका पूजा साहित्याच्या दुकानाचं बिलिंग व्हीबी सिक्समध्ये (व्हिज्युअल बेसिक 6, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) होतं. मायक्रोसॉफ्टने त्याच्या एडिटरचा सपोर्ट 2008 मध्येच बंद केलाय, त्यामुळे दुकानवाल्या काकांना म्हटलं आता नवीन करूया, ते म्हणाले कर, पण काउंटरवरच्या मुलींचा हात बसलाय तो मोडायचा नाही. मी पायथन आणि क्यूटी (खिडक्या, बटणं बनवायची लायब्ररी) घेतलं. बेरीज, टॅक्स, प्रिंट हे पटकन झालं, खरं काम इव्हेंट्सचं, म्हणजे बटण दाबलं, मजकूर बदलला की काय चालवायचं त्याचं.

वस्तूंची बटणं व्हीबीत कंट्रोल अॅरेमध्ये होती, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच क्लिक प्रोसिजर आणि कुठलं बटण दाबलं ते इंडेक्समध्ये आयतं मिळायचं. क्यूटीत लूप लावून प्रत्येक बटणाला लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) जोडला, तर काहीही दाबा, बिलात आपली शेवटची वस्तू, धूप! कारण लॅम्डा आयची (लूपमधल्या वस्तूच्या क्रमांकाची) व्हॅल्यू बनताना धरून ठेवत नाही, चालताना बघतो आणि तोवर लूप संपलेला असतो. मग आय=आय असं डिफॉल्ट दिलं तर सगळीकडे पहिली वस्तू यायला लागली, कापूर. हे जाम डोकं खाणारं होतं. क्लिक्ड सिग्नल (बटण दाबल्याची क्यूटीची सूचना) स्वतःबरोबर चेक्ड नावाची व्हॅल्यू पाठवतो, साध्या बटणाला ती फॉल्स असते, ती जाऊन आयमध्ये बसते आणि पायथनला फॉल्स म्हणजे शून्यच, आणि मोजणी शून्यापासून असते म्हणून पहिली वस्तू. लॅम्डात आधी चेक्ड आणि मग आय=आय लिहा, सुटतं.

दुसरं म्हणजे डिस्काउंट. टक्के टाकले की रुपये बदलतात, रुपये टाकले की टक्के. व्हीबीत चेंज इव्हेंट कोडने मजकूर बदलला तरी येतो म्हणून जुन्या कोडमध्ये जागोजागी फ्लॅग (बदल कोडने केला की माणसाने ते लक्षात ठेवणाऱ्या खुणा) होते. क्यूटीत टेक्स्टचेंज्ड तसाच वागतो, पण टेक्स्टएडिटेड फक्त माणसाने टाइप केलं तरच येतो, तो वापरला आणि सगळे फ्लॅग उडवले, फार बरं वाटलं.

माऊस तिथे कोणी वापरत नाही, कोड, एंटर, नग, एंटर. प्रत्येक बॉक्सच्या रिटर्नप्रेस्डला (एंटर दाबल्याचा सिग्नल) पुढच्या बॉक्सचा सेटफोकस (कर्सर तिथे नेणारा) जोडला. जुन्या कोडमधले डूइव्हेंट्स (लांब काम चालू असताना स्क्रीन गोठू नये म्हणून मधेमधे दिलेला आदेश) मात्र तसेच आणू नका, लांबलचक रिपोर्ट वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या धाग्यात) टाका आणि स्क्रीनला हात फक्त मेन थ्रेडमधून, सिग्नल पाठवूनच लावा.