दिवसा चालणारा कॅमेरा रात्री का बंद पडतो?

चार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा सेट घेताना दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती मेगापिक्सेल?" त्याआधी विचारायला हवं ते हे: फाटकात उभा राहिलेला माणूस रात्री ओळखू येईल का?

घरगुती कॅमेऱ्याला बहुतेक वेळा 2.8 मिमीची लेन्स असते. तिच्यात अख्खं अंगण मावतं, पण अनोळखी चेहरा ओळखू यायला एका मीटर रुंदीमागे साधारण 250 पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात. 2 मेगापिक्सेलचं चित्र 1920 पिक्सेल रुंद असतं. त्या हिशेबाने 2.8 मिमीच्या लेन्सला चेहरा जेमतेम 3 मीटरपर्यंत ओळखता येतो; पुढे "कोणीतरी आलं होतं" एवढंच कळतं. फाटक 7-8 मीटरवर असेल तर त्या एका कॅमेऱ्याला 6 मिमीची लेन्स मागून घ्या. उंची 8-9 फूट पुरे. त्याहून वर चढवला की टोपीच दिसते.

आता केबल. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. अंधार पडला की इन्फ्रारेड एलईडी पेटतात आणि कॅमेरा जास्त करंट ओढतो. स्वस्त 3+1 केबलमध्ये (चित्रासाठी एक तार, वीज-आवाजासाठी तीन) तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. त्याचा रेझिस्टन्स जास्त, म्हणून लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचता पोचता व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रात्रभर बंद-चालू होत राहतो. लोक कॅमेराच बदलतात, आणि नवाही तसाच वागतो. केबल घेतानाच तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर परत करा. जुनं काम तपासायचं तर कॅमेऱ्याचं तोंड काळ्या कापडाने झाका, एलईडी पेटू द्या आणि कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टीमीटर लावा. 12 व्होल्टचं 11 च्या खाली आलं तर दोष केबलचा, जोडांचा किंवा पॉवर सप्लायचा. चार कॅमेऱ्यांना 12 व्होल्ट 5 अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, निवांत पुरतो. इन्व्हर्टरवर डीव्हीआरबरोबर (रेकॉर्डिंग करणारा डबा) हा एसएमपीएसही घ्या. तो हमखास राहून जातो.

बाहेरचे जोड जंक्शन बॉक्समध्ये, केबल खालून आत. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत थेट बीएनसीत (चित्राच्या केबलच्या टोकाचा कनेक्टर) शिरतं आणि पिन गंजते.

हार्ड डिस्कचा हिशेब सोपा आहे: 2 एमबीपीएसला (सेकंदाला 2 मेगाबिट रेकॉर्डिंग) एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी भरतो. चार कॅमेरे, 1 टीबी, म्हणजे साधारण 11 दिवस. गावाला जाणं होत असेल तर 2 टीबी घ्या, तीही सर्व्हेलन्सची. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनलेली नसते.

डीव्हीआर हवेशीर पण कुलपाच्या कपाटात ठेवा, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, घड्याळ बरोबर लावा. चोरी झालीच तर स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ देऊन भागत नाही. मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र तिच्यासोबत लागतं.