तुम्ही विचारलंत म्हणून: भीती नाही वाटत?

दर डिसेंबरात सांगलीला आले की कुणीतरी विचारतंच. यंदा शेजारच्या काकांनी विचारलं, "काय गं, तुमच्या अमेरिकेत लोकशाही राहते की जाते? तू तर तिथं निवडणुकीच्या कामाला जातेस. भीती नाही वाटत?" बॅगा भरायच्या होत्या. "चालायचंच" म्हणून मी वेळ मारून नेली. काका, ते उत्तर बरोबर नव्हतं.

भीती वाटते. पण तुम्ही टीव्हीवर बघता त्याची कमी. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांचा जमाव कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, घुसला, सुमारे १४० पोलीस जखमी झाले, दीड हजारांवर लोकांवर खटले झाले. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प राष्ट्राध्यक्ष म्हणून परत आले आणि त्याच दिवशी जवळपास सगळ्यांना माफी मिळाली. २०२४ मध्ये खुद्द ट्रम्प यांच्यावर गोळी झाडली गेली. २०२५ मध्ये मिनेसोटाच्या डेमोक्रॅट आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती राहत्या घरी मारले गेले, ट्रम्प यांचे समर्थक कार्यकर्ते चार्ली कर्क भर सभेत मारले गेले. भयंकरच आहे सगळं.

पण माझ्या पोटात गोळा येतो तो रूबी फ्रीमन आठवल्या की. २०२० मध्ये आमच्या जॉर्जियात, अटलांटाला, त्या आणि त्यांची मुलगी शे मॉस, दोघी कृष्णवर्णीय, मतमोजणीला बसल्या होत्या. आईनं लेकीच्या हातात काहीतरी दिलं, ते कॅमेऱ्यात आलं. ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांनी सांगितलं, या यूएसबी ड्राइव्ह आहेत, मतांची चोरी चालली आहे. प्रत्यक्षात ती आल्याच्या स्वादाची गोळी होती, चघळायची. मग धमक्या, वंशावरून शिव्या. एफबीआयच्या सल्ल्यानं रूबीबाईंनी दोनेक महिने घर सोडलं. राज्यातली सुमारे ५० लाख मतं हातानं मोजली गेली, बायडन पुढेच राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीनं जुलियानींना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. पण आपलं नाव आता नावासारखं राहिलं नाही, चारचौघांत कुणी हाक मारली तरी धडकी भरते, हे त्या बाईंचं दुःख पैशानं कसं भरून निघणार?

काका, आपल्याकडे निवडणूक आयोग आहे, आणि बाबांना शाळेतून इलेक्शन ड्युटी लागायची तेव्हा नाही म्हणायची सोय नसायची. अमेरिकेत निवडणूक काउंटी घेते, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. एकट्या जॉर्जियात अशा १५९ काउंटी. टेबलावर बसतात निवृत्त शिक्षिका, चर्चमधल्या आजी, मी. थोडंसं मानधन मिळतं, पण सगळे आपणहून येतात. म्हणजे घाबरून घरी बसणंही तितकंच सोपं. वीस वर्षं हे काम केलेल्या माझ्या मैत्रिणीनं २०२२ ला नाव दिलं नाही. "मुलं नको म्हणतात," एवढंच बोलली. त्याच वर्षी एका माणसानं माझ्या छातीवरचा बिल्ला सावकाश, मोठ्यानं वाचला, आडनावासकट, आणि नुसता बघत राहिला. उरलेला दिवस मी बिल्ला उलटा लावून काढला. त्याची मला अजून लाज वाटते.

२०२४ च्या मतदानाच्या दिवशी अटलांटाच्या फुल्टन काउंटीत बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या, काही केंद्रं थोडा वेळ रिकामी करावी लागली. आमच्याकडे तसं काही झालं नाही. संध्याकाळी सातला दार बंद केलं, हिशोब मांडला. त्या दिवशी येऊन नोंद झालेले मतदार ६१२, स्कॅनरवर मतं ६११.

एका मताचा फरक. सकाळी पाचपासून उभे होतो, पण कुणी "जाऊ दे" म्हटलं नाही. ट्रम्पना मत देणारा शेजारी आणि मी, दोघं एकाच वहीवर वाकून ओळ न् ओळ तपासत होतो. पाऊण तासानं आमच्यातल्या नव्या मुलानं, एकोणीस वर्षांच्या, कोपऱ्यातली टीप शोधली: मूल रडायला लागलं म्हणून एक बाई मत न देताच परत गेल्या होत्या.

सह्या केल्या. निकालाची कागदी पट्टी, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावी अशी, त्या मुलानं केंद्राच्या दारावर चिकटवली. दिव्याखाली उभी राहून मी ती एकदा वाचली. बिल्ला सुलटाच होता.