वाकलेली पट्टी आणि मेकॅनिकचा तास

पुढची काच बदलायला दिलेली गाडी गॅरेजमधून परत आली, तेव्हा काचेभोवतीची चकचकीत पट्टी वरच्या कोपऱ्यात चांगलीच वाकलेली होती. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याचा व्रण उघड दिसत होता. गॅरेजवाल्यानं रीतसर माफी मागितली आणि लगेच नवी पट्टी मागवतो म्हणाला. "हीच सरळ करून द्या ना," म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसा मी फाटका मोजा रफू करायला आणला होता.

गाडी 1971 ची फोक्सवॅगन बीटल. फोक्सवॅगनचा कारखाना असलेल्या चाकणहून जर्मनीत, कंपनीच्या मूळ गावी वोल्फ्सबुर्गला आलेल्या माणसानं दुसरी कुठली जुनी गाडी घ्यायची?

गॅरेजवाल्याचा हिशोब चुकीचा नाही, आणि राग त्याचाच येतो. इथं गॅरेजच्या एका तासाला शंभर युरोंच्या वर सहज जातात. हातानं पट्टी सरळ करत बसायचं तर तेवढ्या मजुरीत नव्या पट्ट्या येतील. म्हणून कुणी करतच नाही. कोट्यवधी बीटल बनवणाऱ्या देशात एक पट्टी सरळ करायला कारागीर परवडू नये? आपल्याकडे पुण्यात नाना पेठेत विचारलं असतं तर कुणीतरी "या गल्लीत जा, अमक्याला भेटा" म्हणालं असतं. तो अमका डेंटर जमिनीवर फतकल मारून बसला असता आणि चहा यायच्या आत पट्टी हातात ठेवली असती. आता खरं सांगायचं तर पट्टीवर हातोडीचे चार पोचेही ठेवले असते, आणि वर "साहेब, लांबून कोण बघतंय?" पण नाही तर म्हणाला नसता!

शेवटी गावाबाहेरच्या भाड्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथं लिफ्ट आणि हत्यारं तासावर मिळतात, काम आपलं आपण करायचं. एक निवृत्त आजोबा कायम तिथं असतात. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि पहिल्यांदा माझी हातोडी बाजूला ठेवली. ॲल्युमिनियम ठोकलं की ताणतं, वाढलेला पत्रा मग कुठंच सामावत नाही, लाटेसारखा उठतो. शिवाय वर ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं चढवलेल्या ऑक्साइडचा, कडक थर असतो. तो पत्र्याबरोबर वाकत नाही, बारीक तडकतो आणि पांढुरका दिसतो. कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं घासलं तर थर जातो आणि तेवढाच तुकडा वेगळा उठून दिसतो.

आजोबांनी बीच लाकडाच्या ठोकळ्यात पट्टीच्या आकाराची खाच कोरली. पट्टी त्यात पालथी ठेवून आतल्या बाजूनं गोल टोकाच्या लाकडी काडीनं दाबायला लागले. वाकलेल्या जागेच्या मधोमध नाही. दोन्ही कडांकडून थोडं थोडं आत येत. दर वेळी पट्टी उचलून ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची, प्रकाशाची रेघ कुठं तुटते ते बघायचं, पुन्हा दाबायचं. मग काडी माझ्या हातात दिली. पैशाचं विचारलं तर हसले. घाई नसलेल्या माणसाचं काम काय असतं, ते तिथं बघावं.

बसवणं वेगळीच कसरत. पट्टी रबराच्या खाचेत आधी घालावी लागते, मग काच चढवायची. म्हणजे नवीकोरी बसवलेली काच पुन्हा उतरवणं आलं. रबराच्या कडेत दोरी भरली, साबणाचं पाणी फिरवलं, बाहेरून आजोबांनी काच दाबली, आतून मी दोरी ओढत गेलो.

तीस वर्षं झालेल्या, मूळ रूपात सांभाळलेल्या गाडीला इथं 'एच' नंबरप्लेट मिळते, आणि वर्षाचा कर सरसकट 191 युरो. म्हणून अस्सल पट्टी जपायला हवी, असं मी बायकोला समजावतो. एका वाकड्या पट्टीपायी एच नंबर कुणी नाकारत नाही, हे सांगत नाही.

कोपऱ्यात एक पांढुरकी रेघ राहिली आहे, उन्हात दिसते. घरी फोटो पाठवला तर बाबांचा पहिला प्रश्न, "नवी केवढ्याला येते?" बाबा, तीही मागवून ठेवली आहे. लावणार नाही, पण असलेली बरी.